घरात एकच प्लग

माझ्याकडच्या रिमोटवरच्या विमानांच्या सगळ्या थ्री-एस, म्हणजे तीन सेलच्या, बॅटऱ्यांना एक्सटी-६० प्लग आहे. नवीन बॅटरी वेगळा प्लग घेऊन आली तर उडवण्याआधी तो कापायचा, हा घरचा नियम. मित्र हसतात, हसू देत. एकाचा टी-प्लग, दुसऱ्याचा ईसी-३ आणि मैदानावर सगळे ॲडॉप्टर शोधतायत, हे बघवत नाही. शिवाय ॲडॉप्टर म्हणजे आणखी एक जोड, आणि ढिला जोड तापतो.

प्लग निवडताना मोटर किती अँपिअर ओढते ते बघा. बॅटरीवर २२०० एमएएच (म्हणजे २.२ अँपिअर-तास), २५ सी (म्हणजे त्याच्या २५ पट करंट) छापलंय, म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. पण माझ्या फोमच्या ट्रेनर विमानाला फुल थ्रॉटलवर वॉटमीटर २२च्या आसपास दाखवतो. एक्सटी-६० मधले ६० क्षणभराचे. सतत चालवायला ३० धरायचे. तेवढे पुरेत. इवल्या विमानांना एक्सटी-३०. लाल जेएसटी दोन-तीन अँपिअरपुरताच. टी-प्लग करंटला चांगला, पण घामेजल्या बोटांनी तो ओढून काढणं म्हणजे वैताग.

खरं काम सोल्डरिंगचं. पंचवीस वॉटच्या बारीक टोकाने हात घालू नका. वायर तापेपर्यंत प्लास्टिक मऊ पडतं. साठ वॉट आणि रुंद टीप हवी. तापवताना समोरचा जोडीदार प्लग खोचून ठेवायचा, म्हणजे पिन तिरकी होत नाही. पिनेच्या वाटीत आधी सोल्डर भरायचं, वायरच्या टोकालाही वेगळं पाजायचं, मग दोन्ही एकत्र वितळवायचं. हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) त्याआधीच वायरीत ओवलेली हवी, हे सांगायला नको, तरी सांगतो.

बॅटरीच्या दोन्ही वायरी कटरने एकदम कधीच कापू नका, सरळ शॉर्ट होते. एक कापा, सोल्डर करा, झाका, मग दुसरी. बॅटरीच्या बाजूला फिमेल, म्हणजे करंट असलेलं टोक उघडं राहत नाही.

सिक्स-एसला मात्र मी नियम मोडलाय. जोडताना ईएससीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर एकदम भरतात, ठिणगी उडते आणि पिना काळ्या पडतात. तिथे एक्सटी-९०-एस. त्यात आधी रेझिस्टरमधून करंट जातो, मग पूर्ण जोडला जातो. चार्जरला त्याची वेगळी वायर लागते, तेवढं चालवून घेतो.