खळगा

नट काढल्यावरही शेवटचा बोल्ट भोकातून हलेना, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. बोल्ट गंजला नव्हता. गाडीचा भार त्याच्यावर आला होता.

माझं गॅरेज म्हणजे मारेगाव-करंजी रस्त्यालगत दोन टिनं आणि पुढे मुरूम टाकलेलं अंगण. सुरुवातीला गाडीखाली काम करायला खड्डा खणला होता. आमच्याकडच्या काळ्या मातीत खड्डा म्हणजे दरवर्षीची डोकेदुखी: उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात विहीर. दुसऱ्या पावसात एक भिंत बसली आणि मी तो बुजवून टाकला. जॅकवर गाडी उचलून खाली शिरणं मला कधीच पटलं नाही. मग गावातल्या सुतारकाकांकडून लाकडी रॅम्प करून घेतले.

त्या रॅम्पबद्दल मी जरा जास्तच बोलतो, पण बोलू द्या. सागवान परवडत नव्हतं, म्हणून बाभूळ घेतली. बंडीची चाकं जिच्यावर पिढ्यान्पिढ्या चालली, तीच बाभूळ. वाळलेल्या बाभळीत खिळा वाकतो, शिरत नाही. प्रत्येक भोक गिरमिटानं पाडावं लागलं. दोन इंची फळ्यांचे चार थर: खालची फळी साठ इंच, मग पन्नास, चाळीस, तीस. बारा इंच रुंदीची अखंड फळी मिळाली नाही, म्हणून एका थरात सहा-सहाच्या दोन आणि वरच्या थरात चार-चारच्या तीन, विटांच्या बांधकामासारखं, सांध्यावर सांधा येऊ न देता. वरून खालपर्यंत आरपार बोल्ट, त्यांची डोकी लाकडात बुडवलेली. एकेक रॅम्प पन्नास किलोच्या वर भरतो. कुणीतरी मोबाइलवर पाहून स्टुलासारखे चार पायांचे पोकळ रॅम्प करतात. लाकूड दाबानं सहसा चेचत नाही हो, ते पाय आडवे कलंडतात!

शेवटी काकांनी वाकस घेऊन वरच्या फळीत एक इंच खोल आडवा खळगा कोरायला घेतला. मी म्हटलं, "काका, पुढे ठोकळा आहे ना, हे कायले?"

"ठोकळा पुढच्यासाठी. मांगं कोन धरन? चाक उभं नाई राह्यलं पाह्यजे, बसलं पाह्यजे. बंडी उतारावर सोडतो तवा आमी चाक गड्ड्यातच उतरवतो."

त्या दोन खळग्यांचे त्यांनी तीनशे रुपये जास्त मागितले. मी घासाघीस करून दोनशे दिले.

त्या दिवशी कापूस भरलेली पिकअप आली, माल मिळून तीन टनांच्या आसपास. क्लच सोडला की खालून टक् आवाज. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेलेला, त्यात शंका नव्हती. मी माल उतरवा म्हटलं, तर मालक म्हणाला, "भाऊ, जिनिंगमदी लाइन लागून हाय. खाली केलं तं दिवसच गेला ना." मी ऐकलं. ऐकायला नको होतं. हँडब्रेकची केबल तुटलेली होती. आमच्या भागात हँडब्रेक म्हणजे पिशवी अडकवायची दांडी. काचेवर मात्र पासिंगचा कागद ताजा होता.

मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी रॅम्पवर चढताना रॅम्पला पुढे ढकलते, म्हणून मी रॅम्पसमोर लोखंडी खुंट्या ठोकून ठेवल्यात. पुढची चाकं वर चढली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद केली. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरानं मागच्या उजव्या चाकामागे दगड ठेवला. मी खाली सरकलो.

आता बघा, गाडी गिअरमध्ये थांबते म्हणजे इंजिनाची पकड शाफ्टवाटे मागच्या चाकांना मिळते. तोच शाफ्ट मी सोडत होतो. हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. पोराला मी स्वतः शिकवलंय. तरी त्या दिवशी तीन बोल्ट काढले, चौथा हलेना म्हणून बाजूनं हातोडी मारली. बोल्ट उडाला, शाफ्ट गर्रकन फिरला आणि अख्खी पिकअप माझ्या छातीवरून मागे सरकली. चार बोटं. मग पुढे डुलली, पुन्हा मागे, आणि थांबली.

बाहेर कसा आलो आठवत नाही. पोरगा म्हणत होता, दगडानं धरलं. मी वाकून पाहिलं. चाक आणि दगड यांच्यामध्ये वीतभर जागा होती. दगडाला चाक लागलंच नव्हतं. पुढची दोन्ही चाकं खळग्याच्या मागच्या काठावर अर्धी चढून परत बसली होती, टायरचा काळा ठसा काठावर उमटला होता.

मालकाला काहीच सांगितलं नाही. तो मोबाइलवर जिनिंगवाल्याशी बोलत होता. चारही चाकांना गुटके लावून क्रॉस बदलला. मजुरीवरून त्यानं वाद घातला तो वेगळाच.

संध्याकाळी सुतारकाकांकडे गेलो. ते दाराची चौकट तासत होते. सगळं ऐकून घेतलं, पण खळग्याबद्दल एक शब्द नाही. मी उरलेले शंभर पुढे केले, तेही घेतले नाहीत.

"खालची फळी पलटून पाह्यली का कधी?" एवढंच विचारलं.

सहा वर्षांत एकदाही नाही. वरच्या फळ्यांत सहा वर्षांचं जळकं ऑइल मुरलंय, तिथे उधईची, म्हणजे वाळवीची, हिंमत नाही. खालची बाजू मात्र कोरड्या मुरमाला टेकलेली. अंधार पडत होता, तरी पोराला हाताशी घेऊन उजवा रॅम्प उलटा केला. कडेला मातीच्या बारीक रेघा होत्या. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. पातं अर्धं आत गेलं.