बिघडायची वाट

आज दुपारी तो आपोआप सुरू झाला आणि माझं डोकंच फिरलं.

तो म्हणजे टेबलावर बरेच दिवस उघडा पडलेला, चाळिशी ओलांडलेला एक आठ-बिटी संगणक. कंपनीचं नाव सांगत नाही. या वयात उगाच कुणाची बदनामी नको. बटण दाबलं की कधी काळा पडदा, कधी पडदाभर कचरा, आणि कधी, पाहुणे आले की शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखा, अगदी व्यवस्थित लुकलुकणारा कर्सर. आज मी सगळी तयारी करून बसलो होतो. मल्टिमीटरमध्ये नवी बॅटरी, भिंग पुसलेलं, सर्किटचा नकाशा पसरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवलेली. वीज दिली, आणि बेट्यानं पहिल्या फटक्यात कर्सर दाखवला. बेसिक या संगणकाच्या भाषेत दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, तोही चालला. चालतच राहिला. आतल्या खोलीतून आवाज आला, "झाला वाटतं एकदाचा दुरुस्त!"

दुरुस्त नाही झाला, नुसता चालू झालाय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. हा फरक पटणारी माणसं फार थोडी असतात, आणि ती बहुधा अशाच कुठल्यातरी टेबलापाशी घराकडे पाठ करून बसलेली असतात.

माझं सरळ म्हणणं आहे, मेलेला संगणक परवडला. ठार मेलेला. तो निदान खोटं बोलत नाही. आधी पाच व्होल्ट आहेत का बघायचं. त्या काळच्या टीटीएल जातीच्या आयसींना, म्हणजे चिपांना, 4.75 ते 5.25 एवढीच मोकळीक. त्याच्या खाली गेलं की वेडेपणा, फार वर गेलं की वैकुंठ. कमोडोर 64 चा मूळ पॉवर सप्लाय यासाठी कुप्रसिद्ध आहे. 1982 सालचा घरगुती संगणक, सप्लाय रेझिनमध्ये गच्च बुजवलेला. त्यातला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर म्हातारपणी जातो तेव्हा शून्य व्होल्ट देऊन गप्प बसेलच असं नाही. कित्येकदा पाचाच्या वर चढतो आणि मेमरीचे आयसी सोबत घेऊन जातो. त्याच काळच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाची तऱ्हा वेगळी. त्याच्या खालच्या 16 के मेमरीतल्या 4116 आयसींना तीन-तीन व्होल्टेज लागतात: अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5. त्यातलं उणे पाच गेलं की आयसींची खैर नाही. ही व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातला टीआर4 नावाचा ट्रान्झिस्टर स्पेक्ट्रमवाल्यांना शेजाऱ्याच्या नावापेक्षा जास्त पाठ असतो.

पण हे सगळं सरळ आहे. मोजा, सापडेल. गरम आयसीला बोट लावून 'हाय' म्हणणं हीसुद्धा एक मान्यताप्राप्त चाचणी आहे.

सगळ्यात गोड बिघाड पडद्याच्या मेमरीचा. काही जुन्या यंत्रांत पडद्यासाठी मेमरी वेगळी, आणि बाइटचा एकेक बिट, म्हणजे शून्य किंवा एक धरणारं एकेक घर, एकेका आयसीत. त्यातला एखादा बिट अडकला तरी संगणक आतून ठणठणीत असतो, फक्त लिहिताना चुकतो. संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो; रिकाम्या जागेचा आकडा 32, उद्गारचिन्हाचा 33. म्हणजे सगळ्यात खालचा बिट एकवर अडकला, की जिथं काहीच नसायला हवं तिथं उद्गारचिन्ह. पडदा भरून! त्याच्या पुढचा अडकला तर 34, अवतरणचिन्हं. त्याच्याही पुढचा अडकला तर 36, डॉलर. कुठला आयसी काढायचा ते यंत्र स्वतःच लिहून देतं. आजचा फोन बिघडला तर असं काही लिहून देत नाही. नुसता गोल गोल फिरत बसतो.

आणि काहीच उमजेना तेव्हाचा तो रामबाण. 6502 या त्या काळच्या प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकाच्या मेंदूच्या, आठ डेटा तारा बाकीच्या बोर्डापासून तोडायच्या आणि त्यांच्यावर रेझिस्टर लावून ईए हा आकडा कायमचा बसवून टाकायचा. ईए म्हणजे 'काही करू नकोस, पुढं हो'. प्रोसेसर बिचारा मेमरीतल्या पुढच्या घरी जातो, तिथंही तोच निरोप. असं करत 65,536 घरं फिरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घराचा पत्ता सांगणाऱ्या सोळा तारांपैकी पहिली सगळ्यात भरभर हलते, दुसरी तिच्या निम्म्यानं, तिसरी तिच्याही निम्म्यानं. एक मेगाहर्ट्झच्या यंत्रात सोळाव्या तारेपर्यंत येईतो वेग सेकंदाला सात-आठ वेळांवर आलेला असतो. तिला एलईडी लावला तर तो डोळ्यांना चक्क लुकलुकताना दिसतो. प्रोसेसर जिवंत आहे! मी हे कधीकधी काहीही बिघडलेलं नसताना करतो.

तर अशा सगळ्या सोयी असताना माझ्या वाट्याला आलाय तो अधूनमधून येणारा बिघाड. लूज कॉन्टॅक्ट. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाग. सॉकेटच्या पायात साठलेला गंज. नाव काही द्या, लक्षण एकच: आपण बघायला गेलो की तो तिथं नसतो. मीटरचं टोक जोडावर टेकवलं की त्या टेकण्यानंच जोड दाबला जातो आणि यंत्र सुरळीत चालू लागतं. टोक काढलं तरी चालतच राहतं, नुसतं आपल्याला खिजवायला. आयसी उपटून परत बसवला की पायांवरचा गंज खरवडला जातो आणि सगळं ठीक होतं. पण मग दोष आयसीत होता की सॉकेटमध्ये, हे कायमचं गुलदस्त्यात. हेअर ड्रायरनं तापवा, फ्रीझ स्प्रेनं गोठवा, पेन्सिलच्या मागच्या टोकानं एकेक आयसी ठोकत जा. यातलं काय लागू पडलं हे कळलं तर ठीक. नुसतं लागू पडलं, तर काय उपयोग?

1980 साली आलेल्या अ‍ॅपल थ्रीमध्ये पंखा नव्हता. तापून-निवून आयसी सॉकेटमधून वर सरकायचे, आणि त्यावर ग्राहकांना सांगितलेला उपाय अजून चवीनं सांगितला जातो: यंत्र टेबलावरून दोन-तीन इंच उचला आणि सोडून द्या. लोक हसतात. मला हसू येत नाही. निदान तिथं आपटायचं कशासाठी, हे आपटणाऱ्याला ठाऊक होतं.

आमच्या घरी टीव्हीला थापट मारली जायची ती श्रद्धेनं. डाव्या बाजूला, वरून चार बोटं खाली. ही जागा वडिलांनी शोधलेली, आणि ती आम्हा भावंडांना दाखवतानाही त्यांनी थोडे आढेवेढे घेतलेले. पण एकदा थापटीलाही दाद लागेना, तेव्हा दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी मागचं झाकण काढलं, धूळ फुंकली, टीव्ही लावला. चित्र स्वच्छ. आई ओशाळली. "आत्ता सकाळपर्यंत हलत होतं हो," असं तीन-तीनदा सांगू लागली. काका म्हणाले, "असू दे वहिनी. बिघडायची वाट बघू." आणि खुर्ची ओढून बसले. हातात स्क्रू-ड्रायव्हर, नजर पडद्यावर. शेतीविषयक कार्यक्रम लागला होता, तो त्यांनी पूर्ण पाहिला. मग बातम्या पाहिल्या. आम्ही मुलं जमिनीवर बसून एकाग्रतेनं टीव्ही बिघडायची प्रार्थना करत होतो. तसा एकोपा आमच्यात पुन्हा कधी दिसला नाही. शेवटी चित्र वरवर सरकू लागलं, तेव्हा धाकटीनं टाळ्या वाजवल्या. काका मात्र हलले नाहीत. आणखी थोडं सरकू दिलं, मान तिरकी करून बघितलं, मग आत प्लॅस्टिकच्या काडीनं एका जागी टोचलं. चित्र थांबलं. काडी काढली, सरकलं. टोचलं, थांबलं. त्या एका जोडावर सोल्डर मारायला त्यांना मिनिटसुद्धा लागलं नाही.

पुढं त्या टीव्हीला कुणी थापट मारली नाही. वडिलांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं होत असावं.

आता माझा एक राग. हल्ली जुना संगणक हाती आला की आधी सगळे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बदलून टाकायची टूम निघाली आहे. सगळे, सरसकट, न मोजता. जिथं गरज आहे तिथं मी हुज्जत घालत नाही. 1989 च्या मॅकिंटॉश एसई/30 सारख्या यंत्रांतले बोर्डाला चिकटवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाझरतात आणि खालचे ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, खातात, ते काढलेच पाहिजेत. बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी तर दिसल्याक्षणी कापावी. तिच्यातून जे पाझरतं ते अल्कली असतं, म्हणून तिथं व्हिनेगर चोळायचं. बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधला तो पारदर्शक, तडे गेलेला कागदी कपॅसिटर बघूनही जो वीज देईल त्यानं खोलीभर धूर आणि घाणेरडा वास सोसावा. हे सगळं मान्य. पण मोजल्यावर चांगले भरलेले, चाळीस वर्षं इमानानं काम केलेले कपॅसिटर केवळ वयाकडे बघून उपटायचे? त्या उपटाउपटीत चार ट्रॅक उचलले जातात. आणि समजा यंत्र चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं? "सगळं बदललं, आता चालतंय." हे दुरुस्ती करणाऱ्याचं बोलणं नव्हे.

तर मी आता ठरवलंय की याला बंदच करायचं नाही. आतल्या तारांवरचे संकेत नोंदणाऱ्या लॉजिक अ‍ॅनालायझरच्या तारा लावून ठेवायच्या आणि काकांसारखी खुर्ची ओढायची. बिघडेल त्या क्षणी काय झालं ते नोंदलेलं तरी राहील.

ही युक्ती काही माझी नव्हे. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं ती हृदयासाठी काढली. दवाखान्यात ईसीजी काढतात तेवढ्या काही सेकंदांत हृदय शहाण्यासारखं वागतं. म्हणून यंत्रच माणसाच्या अंगावर बांधून त्याला घरी पाठवायचं. पहिलं यंत्र पाठीवर वाहून न्यावं लागायचं, आता ते छातीवर लावलेल्या तारा आणि खिशात मावेल एवढ्या डबीत येतं. मागच्या वर्षी बाबांना ते लावलं होतं. त्यांना मधेच डोळ्यांपुढं अंधारी यायची, क्षणभर, आणि डॉक्टरांसमोर कधीच नाही. चोवीस तास डबी लावायची आणि काय काय केलं ते वेळेसह लिहायचं. बाबांनी फार सुरेख अक्षरात लिहिलं. 'जिना चढलो.' 'वर्तमानपत्र वाचलं.' 'पुन्हा जिना चढलो, मुद्दाम.' त्या चोवीस तासांत त्यांना एकदाही अंधारी आली नाही.

अहवालात सगळं नॉर्मल. घरातले सगळे खूश. डॉक्टर म्हणाले, परत काही झालं तर बघू.

"झालं का तुझं समाधान?" बाबांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.