नाकाखालची खाच आणि ग्रहणाचं खापर

ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, त्यामुळे दुभंगलेल्या ओठाची बाळं बरीच बघितलीत, पण या केसमध्ये बाळापेक्षा त्याची आजीच जास्त लक्षात राहिली. बाळ चार महिन्यांचं, ओठ डावीकडे थेट नाकपुडीपर्यंत उघडा, वजन आणि हिमोग्लोबिन ठीक, म्हणजे ऑपरेशनआधी निदान १० आठवडे वय, १० पौंड वजन, १० हिमोग्लोबिन हवं हा नियम पास. आई कोपऱ्यात गप्प आणि आजी येईल त्याला सांगतायत, हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, मी नको नको म्हणत होते.

आमचे सर राउंडला दोन मिनिटं थांबत नाहीत, पण हे ऐकून स्टूल ओढून बसलेच. म्हणाले, आजी, नाकाखाली बोट लावा बरं, खाचेच्या दोन्ही बाजूंना उभी कड लागते? तिथं सगळ्यांनाच जोड असतो, तुम्हालापण. मधला भाग नाकाकडून येतो, बाजूचे गालांकडून, पोटात सहाव्या-सातव्या आठवड्याला ते जुळतात, याचं डावीकडचं जुळायचं राहिलं. तेव्हा सूनबाईला दिवस गेलेत हे तरी नीट कळलं होतं का? आजी काही बोलल्या नाहीत, बोट मात्र फिरवत राहिल्या.

ऑपरेशनमध्ये मला सगळ्यात आवडतं ते मार्किंग. भूल दिल्यावर सर कॅलिपरनं मोजून सुईच्या टोकानं शाईचे बारीक ठिपके देतात, तेही ओठात इंजेक्शन द्यायच्या आधी, कारण औषधानं ओठ फुगला की मापं गेली. ओठाची कड एक मिलीमीटर जरी वरखाली झाली तरी समोरच्याला ते आयुष्यभर दिसतं. सर मिलार्डच्या पद्धतीनं करतात, अमेरिकेतल्या या सर्जननं १९५०च्या दशकात ती आणली, त्यात टाक्यांची रेघ खाचेच्या कडेवरच येते म्हणून व्रण बराचसा लपतो. पण नुसती कातडी शिवून भागत नाही हां, आतला तोंडाभोवतीचा स्नायू आधी जोडावा लागतो, नाहीतर बाळ हसलं की ओठ वाकडा.

बाहेर आणलं तेव्हा बाळाच्या हातांना स्प्लिंट, टाके ओढू नयेत म्हणून. आईला रडू आवरेना. आजी जवळ आल्या, ओठ निरखला, आणि ग्रहणाचं अवाक्षर न काढता सरांना विचारलं, "डॉक्टर, याला मिशी येईल ना?"

सर म्हणाले, "व्रणावर नाही यायची, पण आजूबाजूची येईल की, झाकून जाईल."

"मग झालं," म्हणत आजींनी सुनेला चहा आणायला जाऊ दिलं नाही, स्वतःच गेल्या.