परवाने ढीगभर, कंपन्या दोनच

डिसेंबरात नागपूरला लग्न होतं. पुण्याहून विमानाचं तिकीट बघितलं, आकडा बघून फोन बाजूला ठेवला आणि गपचूप ट्रॅव्हल्सची स्लीपर बुक केली. २०२५ चा तो इंडिगोवाला गोंधळ तेव्हाच चालू होता, पायलटच्या ड्युटीचे नवे नियम लागू झाले, पायलट कमी पडले आणि हजारो फ्लाइट्स रद्द. मग सरकारने भाड्याला लिमिट लावलं, ५०० ते १००० किमीला १२ हजार, म्हणजे पुणे-नागपूर त्यातच. आई म्हणाली बरं झालं, आता स्वस्त होईल. अगं, १२ हजार हे लिमिट आहे!

त्याच महिन्यात अल हिंद एअर आणि फ्लायएक्सप्रेस या दोन नव्या विमान कंपन्यांना विमान वाहतूक मंत्रालयाने एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, दिलं. छान. पण एनओसी म्हणजे विमान नव्हे, अजून डीजीसीएचं (विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सर्टिफिकेट, भाड्याची विमानं, पायलट सगळं जमवायचंय, आणि समोर इंडिगो देशातल्या ६० टक्क्यांहून जास्त प्रवाशांना घेऊन बसलेली, एअर इंडिया ग्रुप धरला तर दोघांचे मिळून जवळपास ९० टक्के. परवाने आपल्याकडे कधीच कमी पडले नाहीत हो, बंद पडलेल्या किंगफिशर, जेट, गो फर्स्ट सगळ्यांकडे होतेच की. परदेशात उडायला कंपनीला देशात ५ वर्षं काढलेली आणि २० विमानं लागायची, त्यातली ५ वर्षांची अट २०१६ ला काढली, तेव्हा विस्तारा ही नवी कंपनी खूश होती. २०२४ ला तीच एअर इंडियात विलीन.

उडान या सरकारी स्कीमची तर गंमतच, छोट्या गावांना विमानाने जोडायला चांगली पण एका कंपनीला रूट मिळाला की ३ वर्षं त्यावर दुसरं कोणी येऊ शकत नाही. नांदेड-हैदराबाद २०१७ ला सुरू झालं होतं, ते उडवणारी ट्रुजेट कंपनी २०२२ ला बंद पडली.

माझ्या मते खरी गोची स्लॉटची, म्हणजे विमानतळावर उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळेची आहे. मुंबईत सकाळी ७ चा स्लॉट ज्याच्याकडे आहे तो वापरत राहिला की पुढच्या सीझनलाही त्याचाच, नवीन माणसाला मिळणार रात्री दीडचा, मग त्याने नोकरदार गिऱ्हाईक आणायचं कुठून? आणि इंधन अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. मोठी कंपनी हे सोसते, छोटी दोन वर्षांत आटोपते.

आता नवी मुंबई सुरू झालंय, तिथले सकाळचे स्लॉट आधी नवीन कंपन्यांना द्या ना राव, नाहीतर उद्या तिथेही हीच दोन नावं बोर्डावर. येताना पण ट्रॅव्हल्सच केली, एसी इतका की शाल काढावी लागली.