सातबाऱ्यावरून उतरलेले नाव

रविवारी सकाळी जुनी गाणी ऐकत बसलो असताना मी लॅपटॉपवर उबुंटू या लिनक्स प्रणालीचे अपडेट सुरू केले. गाणे क्षणभरही अडखळले नाही आणि तेवढ्यात ‘ग्लिबसी’ बदलून झाली. जिच्यावाचून लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमांचे पान हलत नाही अशी ही लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचा तयार कोड, आणि तिच्या बदलाची कोणाला चाहूलही नाही! मग सूचना आली : संगणक रीस्टार्ट करावा. सगळे सुरळीत चालले असताना हा हट्ट कशाला, म्हणून गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीचा नकाशा (मेमरीत कोणत्या फाइली कुठे आहेत याची यादी) उघडून पाहिला, तर लायब्ररीच्या नावापुढे कंसात शेरा होता, ‘डिलीटेड’.

म्हणजे पुसून टाकलेल्या फाइलच्या जोरावर गाणे चालू होते. लिनक्समध्ये फाइलचे नाव वेगळे आणि मजकूर वेगळा. नाव डिरेक्टरीत असते आणि ते आयनोडमार्फत, म्हणजे फाइलच्या क्रमांकित अंतर्गत नोंदीमार्फत, मजकुराकडे बोट दाखवते. अपडेटने ते नाव नव्या फाइलला दिले. परंतु जुना मजकूर, तो धरून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम त्याला सोडत नाही तोवर, डिस्कवर तसाच राहतो. सातबाऱ्यावरून नाव उतरले तरी कूळ जमीन कसतच असते, तसे हे.

ही सोय मला फार शहाणपणाची वाटते, पण ती महागही पडू शकते. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीमधली ‘हार्टब्लीड’ त्रुटी उघड झाली. तिच्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर एका वेळी 64 किलोबाइटपर्यंत बाहेर काढता येई. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली, मात्र ती बसवून वेब सर्व्हर पुन्हा सुरू न केल्यास तो मेमरीतली जुनी सदोष प्रतच वापरत राही.

त्या वेळी मोजक्या सेवा पुन्हा सुरू करून भागत होते. ग्लिबसीचे तसे नाही. संगणक चालू होताच सगळ्यांत आधी सुरू होणाऱ्या ‘सिस्टमडी’ या प्रोग्रॅमपासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत सगळ्यांनीच तिला धरलेले असते, आणि एकेकाचा हात सोडवत बसण्यापेक्षा रीबूट सोपे. (विंडोजमध्ये वापरातली डीएलएल, म्हणजे तिथली लायब्ररीची फाइल, सहसा बदलूच देत नाहीत; बदलाची नोंद रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत होते आणि पुढच्या बूटच्या वेळी, कोणी ती फाइल उघडण्याआधी, अदलाबदल उरकली जाते.)

गाणे संपू दिले आणि रीस्टार्ट केले. नकाशा पुन्हा उघडला तेव्हा लायब्ररीचे नाव तेच होते, आयनोडचा आकडा तेवढा बदलला होता.