लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर आधी बीपी मोजा

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी होते, सकाळी डोळे सुजलेले दिसतात आणि घरचं निदान ठरतं: उष्णता वाढली. मग बार्लीचं पाणी, धण्याचं पाणी, शहाळी. पण हा पोस्ट-स्ट्रेप्टोकोकल ग्लोमेरुलोनेफ्रायटिस, म्हणजे घशाच्या किंवा त्वचेच्या संसर्गानंतर होणारा किडनीचा दाह असू शकतो, आणि त्यात नेमकं हेच अंगाशी येतं.

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख ग्लोमेरुलस असतात, म्हणजे अतिबारीक रक्तवाहिन्यांचे गुंते. रक्त तिथे गाळलं जातं. घशाला किंवा त्वचेला स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संसर्ग झाला, की त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचे पुंजके या गुंत्यांत अडकतात आणि दाह सुरू होतो. लाल पेशी लघवीत निसटतात. गाळणं मंदावल्यामुळे मीठ-पाणी अंगात साठतं, म्हणून सूज येते आणि बीपी चढतं. जंतू किडनीत नसतातच. ‘युरिन इन्फेक्शन’ समजून दिलेल्या अँटिबायोटिकने हा दाह उतरत नाही. घशात किंवा त्वचेत संसर्ग शिल्लक असेल, तर तेवढ्यापुरतं ते लागतं.

घसा दुखल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, खरजेत पू झाल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी हे दिसतं. तोवर जुनं दुखणं सगळे विसरलेले असतात. डॉक्टरांना ते आठवून सांगा. घसा दुखत असतानाच, एक-दोन दिवसांत लघवी लाल झाली, तर संशय आयजीए नेफ्रोपॅथी या किडनीच्या वेगळ्या आजाराचा.

लघवीचा नमुना ताजा हवा, तासाभरात लॅबमध्ये पोचलेला. उशीर झाला तर लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या नलिकांत तयार झालेले नळीसारखे साचे) विरघळतात, आणि रक्त किडनीतून आलं याची ती मोठी खूण असते. सोबत रक्ताच्या तपासण्या: क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते कळतं), पोटॅशियम, सी-३ (रक्तातलं प्रतिकारशक्तीचं प्रथिन, या आजारात ते घटतं) आणि एएसओ (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिपिंडं). त्वचेच्या संसर्गानंतर एएसओ बऱ्याचदा नॉर्मल येतं, तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नका. बीपीसाठी मुलाच्या दंडाच्या मापाचा पट्टा लागतो. अरुंद पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

मीठ तोडायचं: लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ बंद. पाणी किती, हे लघवीच्या मापावरून डॉक्टर ठरवतात. लघवी कमी होत असताना शहाळ्यातलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. आयबुप्रोफेन हे ताप-वेदनेचं औषध नको. वजन रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी; साठलेलं पाणी त्यावर लगेच कळतं.

डोकेदुखी, उलट्या, धाप, आकडी किंवा लघवी अगदी कमी झाली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. सी-३ सहा ते आठ आठवड्यांत वर यायला हवं. तीन महिन्यांनंतरही खालीच राहिलं किंवा क्रिएटिनिन भराभर चढत गेलं, तर बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) टाळू नये. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या लाल पेशी मात्र वर्षभरही रेंगाळतात.