डब्यापुढची प्रार्थना

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी नऊ वर्षं शिलाई खात्याचं रजिस्टर लिहिलं. त्यातली आठ वर्षं डब्यापुढे डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना केली. झाकण काढता काढता मनात चार शब्द म्हणायचे, आमेन गिळून टाकायचे. कुणी विचारलं, "ताई, रविवारी कुठं असता?" तर सांगायचे, "पाहुण्यांकडे."

लपवण्यासारखं खरं तर काहीच नाही. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचं सोलापुरातलं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, जवळची माणसं दुरावली, तरी अभंगांतून उघडपणे ख्रिस्ताला गायले. त्यांची गीतं मी रविवारी मोठ्यानं म्हणते. सोमवारी त्याच तोंडानं खोटं बोलायचे, याची फार लाज वाटायची.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान वाचत होते. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याच्या शिष्यानं, पेत्रानं, "मी त्याचा शिष्य नाही" असं नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाशेजारी शेकताना. त्याला पहिल्यांदा विचारणारी कोण, तर दारावरची एक मुलगी! मीही अशाच साध्या प्रश्नाला घाबरत आले. पुढे एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, समुद्रकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे, आणि त्यावर मासळी, भाकर. प्रभू आधी जेवायला बोलावतो. मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्रीचा जाब मात्र एकदाही विचारत नाही. तिथं मला रडू फुटलं.

जूनमध्ये सुपरवायझर म्हणाले, "या तिघींच्या नावावर चाळीस-चाळीस नग डागी टाका." डागी नगाची मजुरी मिळत नाही. नग मीच मोजले होते, काठ सरळ, टाके घट्ट. तळहाताला घाम आला.

"सर, हे मला लिहिता येणार नाही."

"का?"

हिशेब जुळणार नाही, असं सांगून सुटता आलं असतं. पण म्हणाले, "मी ख्रिस्ती आहे, सर. खोटं लिहून मला प्रार्थनेला बसता येत नाही." आवाज कापत होता. (प्रामाणिकपणा एकट्या ख्रिस्ती माणसांचा नाही, हे मी जाणते. पण माझं कारण हेच होतं, आणि ते मला सांगायचं होतं.)

त्या आठवड्यात तिघींना पूर्ण मजुरी मिळाली. माझ्याकडून रजिस्टर गेलं. आता पॅकिंगला आहे, पगारही कमी झालाय. महिनाअखेरीला जड जातं, भीतीही वाटते.

डब्यापुढे मात्र आता डोळे मिटते, हात जोडते. परवा शेजारच्या अक्कांनी कडक भाकरीचा तुकडा हातात धरूनच विचारलं, "एवढं काय मागता हो?"

"घरच्यांसाठी. तुमच्या गुडघ्यासाठीपण."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग शेंगाचटणीची डबी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "मग नीट नाव घेऊन मागा," आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, सासरच्या आडनावासकट.